मॅजिक, जॉर्डन, बर्ड, डंकन, हकीम: आमच्या पाच जणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की देवगड-मालवण पट्ट्यातल्या आमच्या वाडीत दोन तट पडतात. एक मुंबईकरांचा, एक गाववाल्यांचा. वाद एकच: एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सगळे खेळाडू ऐन भरात हाताशी असते, तर कुणाचे पाच जिंकले असते? गेल्या गणपतीत आरती-भजन आटोपल्यावर खळ्यात बसून रीतसर निवड झाली. संघ ठरले, पण वाद काही मिटला नाही. फोनवर, ग्रुपवर, एसटीत तो अजून चालू आहे आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून गाववाल्यांची बाजू इथे एकदाच नीट मांडली आहे. मी आमच्या संघाचा आहे आणि आमचा संघ जिंकतो, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही संघ नेमके कोणते?

गाववाले: मॅजिक जॉन्सन, मायकल जॉर्डन, लॅरी बर्ड, टिम डंकन, हकीम ओलाजुवान. सहावा, म्हणजे बदली, स्कॉटी पिपेन.

मुंबईकर: स्टीफन करी, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स, केव्हिन ड्युरंट, शकील ओनील, म्हणजे आपला शॅक. सहावा निकोला योकिच.

लेब्रॉन तुम्ही का घेतला नाही?

नाणेफेक त्यांनी जिंकली आणि पहिल्याच फटक्यात लेब्रॉन उचलला. मग आम्ही लागोपाठ दोन घेतले, जॉर्डन आणि मॅजिक. त्यांनी करी आणि शॅक, आम्ही हकीम आणि बर्ड, त्यांनी ड्युरंट आणि कोबी, आम्ही डंकन आणि पिपेन, शेवटी त्यांनी योकिच. डंकन दहाव्या नंबरपर्यंत शिल्लक राहिला, हे मला अजूनही खरं वाटत नाही. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कुठल्या वयाचा खेळाडू धरायचा?

प्रत्येकाचा एकच हंगाम धरायचा. आमचे असे: मॅजिक १९८६-८७, जॉर्डन १९९०-९१, बर्ड १९८५-८६, डंकन २००२-०३, हकीम १९९३-९४. हे पाचही त्या त्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे हंगामातले सर्वोत्तम खेळाडू, होते आणि त्या त्या वर्षी त्यांचा संघ विजेताही ठरला होता. त्यांचे: करी २०१५-१६, कोबी २००५-०६, लेब्रॉन २०१२-१३, ड्युरंट २०१३-१४, शॅक १९९९-२०००. यातले लेब्रॉन आणि शॅक त्या वर्षी जिंकले, बाकी तिघे नाहीत. करीच्या संघाने तर त्या हंगामात ७३ सामने जिंकले आणि फायनलमध्ये ३-१ अशी आघाडी असताना मालिका गमावली. समोरचा संघ तिथून विजयापर्यंत नेला तो लेब्रॉननेच. त्याला आज ते करीच्या शेजारी उभा करतायत.

नियम कुठले?

आजचे एनबीएचे. सात सामन्यांची मालिका, ४८ मिनिटं, सहा फाउल, तिनाची रेषा (जिच्याबाहेरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण) समोरून ७.२४ मीटर. आमच्या बाजूच्या काही जणांना आंतरराष्ट्रीय नियम हवे होते. त्यात रेषा ६.७५ मीटरवर असते आणि बचाव करणारा उंच खेळाडू रिंगखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो. मी नको म्हटलं. २००४-०५ पासून चेंडू घेऊन येणाऱ्याला हात लावून अडवायची सोय जवळपास गेली, त्यामुळे आजचे नियम करीला सोयीचे आहेत हे मला ठाऊक आहे. तरीही आजचेच नियम घ्या. त्यांना सोयीच्या मैदानावर जिंकलो तर मागाहून कुणाला काही बोलायला जागा राहत नाही.

बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन कुठे गेले?

तिनाची रेषा एनबीएत आली १९७९-८० मध्ये. त्याआधीचा हंगाम धरायचा नाही, हे दोन्ही बाजूंनी कबूल केलं होतं. रसेलने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं मिळवली, विल्टने २ मार्च १९६२ ला एका सामन्यात शंभर गुण केले. हे कुणीच नाकारत नाही. पण १९७३-७४ च्या आधी ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेत अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं) अधिकृतपणे मोजलेच जात नव्हते. त्यातून साठच्या दशकात एकेक संघ सामन्याला शंभराहून जास्त शॉट मारायचा. त्या आकड्यांची आजच्या आकड्यांशी तुलना करायला बसलो तर अनंत चतुर्दशी उजाडेल.

मग करीम अब्दुल-जब्बार? तो तर बसतो नियमात.

बसतो. १९७९-८० ला त्याला सहावं एमव्हीपी मिळालं. तरी हकीमच घेतला, कारण समोर करी आहे. करीला अडवायचं तर रिंगखालच्या माणसालाही बाहेर धावत यावं लागतं आणि पुन्हा आत परतावं लागतं. हे काम हकीमच्या पायांना जमतं.

मुंबईकर: आमच्या पाच जणांच्या गुणांची बेरीज १५४, तुमची १३२. विषय संपला ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेरीज बरोबर आहे. त्या हंगामांतली सामन्यामागची सरासरी घेतली तर कोबी ३५.४, ड्युरंट ३२, करी ३०.१, शॅक २९.७, लेब्रॉन २६.८. एकूण १५४. आमचे जॉर्डन ३१.५, हकीम २७.३, बर्ड २५.८, मॅजिक २३.९, डंकन २३.३. एकूण १३१.८.

आता हे गुण करायला लागले किती शॉट, तेही बघा. एकट्या कोबीने त्या हंगामात सामन्याला सरासरी २७ शॉट मारले. शॅक एकवीस, ड्युरंट आणि करी प्रत्येकी वीसच्या वर, लेब्रॉन अठराच्या आसपास. बेरीज शंभराच्या पुढे जाते. संघाला सामन्यात साधारण ऐंशी-नव्वद शॉट मिळतात. म्हणजे १५४ गुण करायला लागणारे चेंडूच त्यांच्याकडे नाहीत. कुणाला तरी हात आखडता घ्यावा लागणार. कोण घेणार? कोबी?

रापणीला होडीतून जाळं सोडणारे मोजके असतात, बाकीचे किनाऱ्यावर दोर ओढतात. सगळेच होडीत चढले तर दोर कोण ओढणार?

आमचे शॉटही नव्वदीच्या पुढे जातात, हे मान्य. पण आमच्या माणसांना चेंडू हातात नसताना काय करायचं ते ठाऊक आहे. मॅजिकने त्या हंगामात सामन्याला १२.२ असिस्ट, म्हणजे ज्यावर साथीदाराने गुण केले असे पास, दिले. बर्ड पळत पळत स्क्रीनमागून (बचावपटूच्या वाटेत उभ्या राहिलेल्या साथीदाराच्या आडून) बाहेर येतो आणि पास मिळताच फेकतो, चेंडू दोन सेकंदही हातात ठेवत नाही. डंकनला सामन्यात दहाच शॉट मिळाले तरी तो रिबाउंडला (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडायला) जातो, स्क्रीन लावतो, मागे पळत येतो. आणि जॉर्डन? ट्रँगल, म्हणजे चेंडू सगळ्यांत फिरवायची पद्धत, खेळायला लागल्यावर तो विजेता झाला, त्याआधी नुसताच सर्वाधिक गुण करणारा होता. पाच जणांचा संघ निवडताना मी प्रत्येकाबद्दल एकच विचारतो: याच्या हातात चेंडू नसेल तेव्हा हा काय देतो?

"करीक धरूक तुमच्याकडे कोण आसा?"

जॉर्डन. १९८७-८८ मध्ये त्याला एमव्हीपी आणि सर्वोत्तम बचावपटू असे दोन्ही मान एकाच वर्षी मिळाले. गुण करणारा म्हणून जॉर्डन सगळ्यांना आठवतो, बचाव करणारा जॉर्डन लोक विसरतात.

पण एकट्या जॉर्डनने करी थांबत नाही, एवढं मला कळतं. करी चेंडू देतो, स्क्रीनभोवती पळतो, पुन्हा घेतो, पुन्हा पळतो. त्याचा माग काढताना मधे कुणीतरी आडवा येतोच. तेव्हा दुसऱ्याने पुढे यायचं असतं, आणि तो दुसरा म्हणजे हकीम.

१९९४ ची फायनल, सहावा सामना, हकीमचा ह्यूस्टन विरुद्ध न्यूयॉर्क. ह्यूस्टन ८६-८४ ने पुढे, शेवटचे काही सेकंद. न्यूयॉर्कच्या जॉन स्टार्क्सला त्या रात्री सूर सापडलेला, चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने धडाका लावला होता. तिनाचा शॉट बसला तर न्यूयॉर्क तिथेच विजेता. पॅट्रिक युइंग स्क्रीन लावायला आला, स्टार्क्स डावीकडे निघाला, आणि सात फुटी हकीम युइंगला सोडून रेषेपर्यंत बाहेर आला. शॉट हातातून सुटता सुटता हकीमची बोटं चेंडूला लागली. चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. सातवा सामनाही ह्यूस्टननेच जिंकला. त्या मोसमात हकीम एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि फायनलचा एमव्हीपी, तिन्ही होता. एका मोसमात हे तिन्ही मिळवणारा तो पहिला.

करीविरुद्ध नेमकं हेच लागतं, आणि तेही सामन्यात चाळीस वेळा. हकीमच्या नावावर ३,८३० ब्लॉक आहेत, एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक. पण मला त्याचे २,१६२ स्टील जास्त बोलके वाटतात. १९८८-८९ मध्ये एकाच हंगामात दोनशेहून जास्त ब्लॉक आणि दोनशेहून जास्त स्टील त्याने केले. असं दुसऱ्या कुणालाही आजवर जमलेलं नाही. लागोसमध्ये तो आधी फुटबॉलचा गोलकीपर होता, हँडबॉलही खेळायचा. ते पाय तिथे तयार झाले.

तिनाचं गणित तुमच्या बाजूने नाही, हे तरी मान्य?

मान्य. करीने त्या हंगामात ४०२ थ्री-पॉइंटर मारले, ४५.४ टक्क्यांनी. म्हणजे प्रत्येक प्रयत्नामागे १.३६ गुण. डंकनचा दोनाचा शॉट ५१ टक्क्यांनी जातो, त्याचे होतात १.०३. हे अंतर मोठं आहे. मुंबईकरांचा सगळ्यात चांगला मुद्दा हाच आहे. पण ते मांडतात मात्र शॅकचा.

माझं उत्तर दोन भागांत. पहिलं, हे ४०२ शॉट करीला मिळाले कारण तो संघ त्याच्याभोवती उभा केला होता. इथे बाजूला कोबी आहे. कोबीने मारलेला प्रत्येक अवघड लांब शॉट म्हणजे करीच्या हातात न पोचलेला चेंडू. आमचे ते शॉट त्याला मारू देतील, आनंदाने. दुसरं, बर्ड. १९८५-८६ मध्ये बर्डने ८२ थ्री मारले आणि तेवढ्यावर तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. टक्केवारी ४२.३. तेव्हा कुणी इतके मारतच नव्हते, प्रशिक्षक ओरडायचे. ऑल-स्टारच्या वेळची थ्री-पॉइंटची स्पर्धा १९८६ ला सुरू झाली, पहिली तीन वर्षं लागोपाठ बर्डनेच जिंकली. आजच्या नियमांत आणि आजच्या विचाराने खेळवला तर तो सामन्यात आठ-नऊ थ्री मारेल.

शॅकला कोण थोपवणार?

कुणीच नाही. २००० च्या फायनलमध्ये त्याने सामन्याला ३८ गुण केले. आमच्याकडे त्याला ३० करू द्यायची तयारी आहे.

१९९५ च्या फायनलमध्ये हकीमने शॅकच्या ऑरलँडोला ४-० ने हरवलं, हकीमची सरासरी ३२.८, शॅकची २८. आमच्यातले काही जण एवढ्यावर वाद संपवतात. मी संपवत नाही, कारण तेव्हाचा शॅक तेवीस वर्षांचा होता, २००० चा शॅक वेगळाच होता. पण त्या मालिकेत एक गोष्ट दिसली: हकीम रिंगपासून चार-पाच मीटर बाहेर सरकला की शॅकला मागोमाग यावं लागतं, आणि शॅक बाहेर आला की रिंग मोकळी. मग मॅजिकने पास कुणाला द्यायचा, एवढंच उरतं.

आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट. शॅक त्या हंगामात ५२.४ टक्के. मुद्दाम फाउल करायची युक्ती वाटते तितकी सोपी नाही. २००० च्या फायनलच्या दुसऱ्या सामन्यात इंडियानाने त्याला ३९ फ्री थ्रो मारायला लावले, त्यातले १८ बसले, आणि सामना तरी शॅकच्या लेकर्सनीच जिंकला. शिवाय आता प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून लांब फाउल केला तर एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांनाच. तेव्हा त्या युक्तीवर आम्ही अवलंबून नाही.

एक बारीक मुद्दा मात्र मला फार आवडतो. आजच्या नियमांत बचाव करणारा रिंगखालच्या पट्ट्यात कुणाला न धरता तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही. पण शॅक स्वतःच तिथे उभा असतो. म्हणजे हकीमला तिथे थांबायचा परवाना शॅकच देतो. आणि हकीम तिथे थांबला की लेब्रॉनची आत घुसायची वाट बंद.

लेब्रॉनसमोर डंकन? तो तर मागे पडेल.

बाहेर, मोकळ्यात, पडेल. म्हणून डंकन त्याच्यापासून दोन पावलं मागे राहील आणि शॉट मारायला बोलावेल. २००७ च्या फायनलमध्ये सॅन अँटोनियोने तरुण लेब्रॉनला ४-० ने हरवलं ते असंच: समोर ब्रूस बोवेन, मागे डंकनची भिंत. त्याचे शॉट ३६ टक्क्यांच्याही खाली राहिले. पण २०१३ चा लेब्रॉन बाहेरून मारायला शिकला होता. त्या वर्षी त्याच सॅन अँटोनियोने तेच केलं आणि सातव्या सामन्यात त्याने ३७ गुण करून विजेतेपद नेलं. आमचा संघ एखाद-दोन सामने हरला तर तो इथेच हरेल. त्यासाठी पिपेन आहे.

मग बर्डऐवजी पिपेनच पहिल्या पाचात का नाही?

आमच्याच बाजूचे निम्मे लोक हे विचारतात. पिपेन दहा वेळा सर्वोत्तम बचाव संघात होता. १९९१ च्या फायनलमध्ये त्याच्या आणि जॉर्डनच्या शिकागोने त्याला मॅजिकवर सोडला आणि मालिकेचा रंग पालटला, ४-१. मोठ्या अंगाचा, चेंडू हाताळणारा, सगळं दिसणारा माणूस कसा अडवायचा हे पिपेनने फायनलमध्ये करून दाखवलं आहे. लेब्रॉन त्याच जातीचा.

पण पिपेन पहिल्यापासून खेळवला तर समोरच्याला एक माणूस मोकळा सोडता येतो, कारण त्याच्या बाहेरच्या शॉटची भीती नाही. मोकळा झालेला तो बचावपटू हकीमवर जाईल. बर्ड असला की त्याला सोडून कुणी हलू शकत नाही. म्हणून सुरुवात बर्डने. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, खेळ थांबेल तसं, बचावाला पिपेन आत, चढाईला बर्ड आत.

बर्ड हळू आहे, असंही ऐकतो. पाय हळू होते, डोकं नव्हतं. १९८७ ला डेट्रॉइटविरुद्ध पाचव्या सामन्यात बॉस्टन एका गुणाने मागे, पाच सेकंद बाकी, चेंडू डेट्रॉइटचा. आयझाया थॉमसने पास टाकला आणि बर्ड मधेच घुसून तो घेऊन गेला. बाहेर जाता जाता वळला आणि रिंगकडे पळणाऱ्या डेनिस जॉन्सनला दिला. १०८-१०७. तो पास कुठे जाणार हे टाकणाऱ्याच्या आधी ज्याला कळतं, त्याला मी हळू म्हणत नाही.

मॅजिक बचावात कच्चा नाही का?

आहे. सहा फूट नऊ इंच उंचीचा गार्ड कोबीच्या पहिल्या पावलाला पुरत नाही. पण मागे हकीम आणि डंकन असताना कोबी आत येऊन काय करणार? थांबून वरून मारेल. मारू दे.

आणि करी कुणाला धरणार?

हा प्रश्न मुंबईकर कधीच विचारत नाहीत, म्हणून मीच विचारतो. प्रत्येक संघ करीला समोरच्या सगळ्यात निरुपद्रवी माणसावर लपवतो. आमच्यात तो माणूस कोण? मॅजिक सहा-नऊ, पाठ लावून आत ढकलत नेईल आणि वरून छोटा हुक टाकेल. १९८७ च्या फायनलच्या चौथ्या सामन्यात बॉस्टनच्या मैदानावर मॅकहेल आणि पॅरिश समोर असताना त्याने तोच हुक टाकून १०७-१०६ ने सामना काढला होता. करी सहा फूट दोन. बर्डवर लावला तर बर्ड त्याच्या डोक्यावरून मारेल. जॉर्डनवर कुणी लावणार नाही. डंकन आणि हकीमचा प्रश्नच नाही. लपायला जागा नाही. चार क्वार्टर हे सोसून करीला पुन्हा दुसऱ्या टोकाला जाऊन दहा मीटरवरून मारायचं आहे. पाचव्या सामन्यापर्यंत पाय बोलायला लागतील.

डंकनबद्दल तुम्ही एवढे का बोलता?

कारण बाकी कुणी बोलत नाही.

२००३ च्या फायनलचा शेवटचा, सहावा सामना: २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक. आणखी दोन ब्लॉक असते तर चारही रकाने दोन आकडी झाले असते, तेही विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात. पाच विजेतेपदं, पहिलं १९९९ ला, शेवटचं २०१४ ला. त्याचा आवडता शॉट म्हणजे बोर्डवर चेंडू लावून रिंगमध्ये टाकणं, तो शॉट शाळेतल्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. तोच शॉट तो एकोणीस हंगाम मारत राहिला आणि समोरच्याला तो येणार हे माहीत असायचं.

डंकन कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा. तिथे तो पोहायचा, ऑलिंपिकची स्वप्नं होती. १९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळ आलं आणि बेटावरचा तो मोठा तलाव मोडून गेला. समुद्रात सराव करायची त्याला शार्कमुळे भीती. पोहणं सुटलं, मग बास्केटबॉल. आमच्याकडे २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा छपरं उडाली, होड्या फुटल्या, माड-आंब्यांची झाडं आडवी झाली. त्यानंतर वाडीतल्या पोरांना डंकनची ही हकीकत वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

तुम्हाला खरी भीती कुणाची?

योकिचची. शॅक बसून योकिच आला की सगळं पालटतं. फ्री थ्रो चुकत नाही, बाहेरून मारतो आणि हकीमला रिंगपासून दूर ओढून नेतो. मग करी आणि लेब्रॉन मोकळ्या जागेत पळतात आणि योकिचचा पास त्यांच्या हातात अलगद येऊन पडतो. २०२३ च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) एकूण गुण, एकूण रिबाउंड आणि एकूण असिस्ट, तिन्हींत तो सगळ्या खेळाडूंत पहिला होता. असं आधी कुणाचंच झालं नव्हतं.

तेव्हा डंकन योकिचवर जाईल, पिपेन येऊन लेब्रॉनला धरेल आणि हकीम ड्युरंटवर. ड्युरंट त्याच्यावरून मारणार, मला माहीत आहे. त्या दहा-बारा मिनिटांत आम्ही मागे पडू. मुंबईकर शॅकला अख्खा सामना खेळवतील आणि योकिचला दहाच मिनिटं देतील, हा माझा अंदाज आहे. शॅकला बसवायचं धाडस त्यांच्यात नाही.

प्रशिक्षक कोण?

फिल जॅक्सन दोघांनाही हवा होता. जॉर्डनबरोबर सहा आणि लेकर्सबरोबर पाच, अशी अकरा विजेतेपदं. भांडण नको म्हणून तो कुणालाच नाही. आमचा ग्रेग पोपोविच, त्यांचा स्टीव्ह कर. कर जॉर्डनबरोबरही खेळला आणि पोपोविचच्या हाताखालीही.

शेवटचा शॉट कोण मारणार? भांडण तर तुमच्याकडेही होईल.

चेंडू जॉर्डनकडे, पण शॉट मोकळ्या माणसाचा. १९९८ ला यूटाविरुद्ध त्याने स्वतः मारला, ८७-८६. १९९७ च्या सहाव्या सामन्यात दोघे अंगावर आले तेव्हा त्याने पास दिला आणि शॉट मारला स्टीव्ह करने. म्हणजे त्यांच्या प्रशिक्षकालाच विचारा.

जुने खेळाडू आजच्या वेगात टिकतील का?

मॅजिकच्या लेकर्सइतकं पळणारा संघ आजही शोधावा लागेल. पुढचा प्रश्न.

कोकणात बास्केटबॉल कोण खेळतं?

कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट आहेच, ते राहणारच. पण शाळेमागे जांभ्याचं जोतं बांधून वर कोबा केलेलं आमचं कोर्ट आहे. पूर्ण मापाचं नाही, त्यामुळे कोपऱ्यात तिनाची रेषा मारायला जागाच उरत नाही. खाऱ्या हवेने रिंगचे हुक गंजून गळाले, म्हणून जाळी तारेने आवळली आहे. ती जाळी मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याची, वाडीतल्याच एकाने जाळ्याच्या गाठीने विणलेली. चेंडू त्यात क्षणभर अडकतो आणि मग खाली पडतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. फायनलही जूनमध्येच, आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होते. होड्या वर काढलेल्या, समुद्र खवळलेला, तेव्हा ट्रॉलरवर जाणारी पोरंही मोबाइलभोवती बसलेली असतात. वीज गेली नाही आणि रेंज राहिली तर चौथं क्वार्टर दिसतं. मुंबईकरांचं बरं आहे, त्यांना लोकलमध्ये बघता येतं आणि नागपाड्याला जाऊन उत्तम खेळही बघता येतो. त्यांच्यातल्या काहींनी तिथे खेळून दाखवलंही आहे. त्यामुळे त्यांचा अभ्यास कच्चा आहे असं मी कधी म्हणणार नाही.

निकाल सांगा. किती सामन्यांत?

सहा. पहिला ते जिंकतील, कारण करीची सवय व्हायला एक सामना जातो. तिसरा किंवा चौथा लेब्रॉन एकहाती काढेल. बाकी चार आमचे, आणि त्यातले दोन तरी रिबाउंडवर. त्या हंगामांतली सरासरी जोडली तर आमचे पाच ४६.९, त्यांचे ३९.७. गुणांची बेरीज चेंडू कमी पडल्यावर कोसळते. रिबाउंडची तशी कोसळत नाही, कारण सुटलेला चेंडू सगळ्यांचाच असतो.

यंदाच्या गणपतीत काय बदलणार?

पहिली निवड आमची. हंगाम बदलता येईल, खेळाडूही. दोन्ही बाजूंनी आपली यादी गौरीच्या आवाहनाआधी द्यायची आहे, नंतर कुणाचं ऐकलं जाणार नाही. मुंबईकरांनी योकिचला पहिल्या पाचात घ्यायचं ठरवलं तर आधी कळवा, मला करीमचा पुन्हा विचार करावा लागेल.